नागिणीच्या फोडांवर टी-ट्री लावू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सासूबाई ६७ वर्षांच्या. परवा सकाळी त्यांच्या उजव्या बरगडीखाली पट्ट्यासारखे फोड उठले. डॉक्टरांनी नागीण असल्याचं सांगून अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस असं विषाणूविरोधी औषध दिलं. अरोमाथेरपीचा कोर्स केलेली जवळची मैत्रीण म्हणते, या गोळ्या किडनीवर येतात, त्यापेक्षा टी-ट्री तेल थेट फोडांवर लावा, विषाणू मुळापासून मरेल. तिने शोधनिबंधही पाठवले आहेत. सासूबाईंना गोळ्या नकोशा झाल्यात, तेल हवंय. सासरे वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं औषध) घेतात आणि गुडघ्यांना महिनाभर विंटरग्रीन तेल चोळतायत, त्यांना बरं वाटतंय. दीड वर्षाच्या मुलाला सर्दी आहे, त्याच्या उशीवर रात्री निलगिरीचे थेंब टाकते. नवऱ्याच्या मते हे सगळं थोतांड आहे. ‘नैसर्गिकच तर आहे, दोन्ही चालू ठेवलं तर बिघडलं कुठे? मधल्या मध्ये माझी कोंडी झाली आहे.’

उत्तर:

आधी तातडीचं. सासूबाईंची एकही गोळी चुकू देऊ नका. सासऱ्यांचं विंटरग्रीन आजपासून बंद. बाळाची उशी बदला. पत्रावर तारीख होती म्हणून एवढं तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण थोड्याफार फरकाने हीच पत्रं बऱ्याच जणांकडून येतात.

गोळ्यांची घाई का, ते सांगते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वयामुळे किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो, वाढतो आणि त्या मज्जातंतूतून त्वचेपर्यंत येतो. म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो: नवे फोड थांबतात, खपल्या लवकर धरतात, दुखणं लवकर उतरतं. ७२ तास उलटून गेले आणि नवे फोड येतच असले तरीही डॉक्टर ते देतात, तेव्हा उशीर झालेल्यांनीही घरी बसू नये. आणि फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यात दृष्टी जाऊ शकते.

मैत्रिणीचं किडनीबद्दलचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर लघवीवाटे बाहेर पडतं. पाणी कमी पडलं किंवा किडनी आधीच मंद असली तर ते त्रास देऊ शकतं. पण त्यावरचा उपाय गोळी टाकून देणं हा नाही. डॉक्टरांना विचारा, ‘क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलंय का, डोस त्याप्रमाणे आहे का?’ डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर प्रत्येक गोळीबरोबर मोठा पेला पाणी आणि दिवसभर घोट घोट चालू ठेवा. पाच वेळा गोळी घेणं हाच कंटाळ्याचा भाग असेल तर व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदाच घ्यावं लागतं. बदलून मिळेल का, विचारायला हरकत नाही. सासूबाईंची तक्रार औषधाबद्दल आहे की पाच वेळा उठण्याबद्दल, हे एकदा त्यांनाच विचारून बघा.

आता शोधनिबंध. ते खोटे नसतील. टी-ट्री, पेपरमिंट, निलगिरी अशा तेलांनी हर्पिसचे विषाणू (नागिणीचा विषाणू याच कुळातला) निष्प्रभ झाल्याचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष खरेच आहेत. प्रश्न हा, की प्रयोग कसा केला होता. बहुतेकदा विषाणू आणि तेल आधी एकत्र ठेवतात आणि मग ते मिश्रण काचेतल्या पेशींवर सोडतात. या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, तेल ते विस्कटतं आणि विषाणू पेशीत शिरू शकत नाही. पण विषाणू आधीच पेशीत शिरलेला असेल आणि नंतर तेल घातलं, तर परिणाम फारसा उरत नाही. सासूबाईंच्या बाबतीत तो मज्जातंतूच्या आत आहे. त्वचेवर लावलेलं तेल त्या गाठीपर्यंत उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात पोहोचत नाही, आणि तितकं पोहोचेल एवढं वापरलं तर आधी माणसाला विषबाधा होईल. अ‍ॅसायक्लोव्हिरचं काम नेमकं तिथेच चालतं: ते बाधित पेशीत विषाणूच्याच एन्झाइमने चालू होतं आणि त्याच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. ‘मुळापासून’ हा शब्द वापरायचाच तर तो या गोळीबद्दल वापरावा. अर्थात तीही विषाणूला शरीरातून कायमचा हाकलत नाही, फक्त त्याची वाढ रोखते.

जाता जाता सर्दीचंही सांगते. सर्दी सगळ्यात जास्त वेळा ज्या रायनोव्हायरसमुळे होते, त्याला ते स्निग्ध आवरणच नसतं. ‘तेल आवरण फोडतं’ हे लॉजिक तिथे सुरुवातीलाच गळपटतं.

‘लावून तर बघू, नुकसान काय?’ तर नुकसान असं. फोड फुटलेल्या त्वचेतून सगळंच जास्त शोषलं जातं आणि जास्त झोंबतं. टी-ट्री न मिसळता लावलं तर चांगल्या त्वचेलाही दाह होऊ शकतो. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर जास्तच, कारण हवा आणि उजेड लागून तेलातली द्रव्यं बदलतात आणि अ‍ॅलर्जी उठवणारे पदार्थ तयार होतात. मग फोडांच्या कडेने नवी लाली, खाज, बारीक पुळ्या. ही नागीण पसरली, जंतुसंसर्ग झाला, की तेलाची अ‍ॅलर्जी, हे डॉक्टरांनाही पटकन ठरवता येत नाही. खरा घोटाळा इथे होतो. त्यामुळे फोडांवर आणि ओल्या खपल्यांवर कुठलंच इसेन्शियल ऑइल (टी-ट्री, लव्हेंडरसारखं वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल) नको, मिसळून पातळ केलेलंसुद्धा नको.

दुखण्यासाठी सध्या एवढं करा: स्वच्छ सुती कापड थंड पाण्यात भिजवून पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून चार-पाच वेळा, नंतर जागा टिपून कोरडी करायची. न फुटलेल्या फोडांवर कॅलामाइन लोशन. कपडे सैल. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. तरीही झोप उडत असेल तर ‘सहन करतेय’ म्हणून गप्प राहू नका. हे दुखणं मज्जातंतूचं आहे, साध्या वेदनाशामकाला ते बऱ्याचदा पुरेशी दाद देत नाही. त्यासाठी गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात आणि ती मागावी लागतात, कारण पुष्कळदा पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात आधी खटकलं ते हे: त्या फोडांमधल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, आणि घरात दीड वर्षाचं मूल आहे. त्याला यातून नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. खपल्या पूर्ण वाळेपर्यंत फोड सैल ड्रेसिंगने झाकलेले हवेत, हात लावला की साबणाने धुवायचे, टॉवेल वेगळा. कांजिण्यांच्या लशीचा पहिला डोस १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. बाळाला मिळालाय का ते कार्डावर बघा आणि नसेल तर बालरोगतज्ज्ञांना आजच फोन करा. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील तर तिच्यासाठीही हेच. आता या फोडांवर तेल चोळणारे हात डोळ्यांसमोर आणा. मालीश का नको, हे वेगळं सांगायला नको.

मग सासूबाईंच्या इच्छेचं काय? ती मोडीत काढू नका. आजारी माणसाला कुणीतरी शेजारी बसून हात फिरवावा असं वाटतं, आणि सुगंधाने बरं वाटणं खोटं नसतं. फोडांपासून लांब, तळहात, पावलं किंवा पोटऱ्यांना एक टक्का लव्हेंडर घालून रात्री दहा मिनिटं हलकी मालीश खुशाल करा. मासिक पाळीची कळ, गुडघेदुखी, शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं यांत सुगंधी तेलाच्या मालिशीने थोडा आराम मिळाल्याचे छोटे अभ्यास आहेत. त्यांतली अडचणही समजून घ्या: गोळीची नक्कल करता येते, वासाची करता येत नाही. लव्हेंडर कुणाला मिळालं हे नाकालाच कळतं, त्यामुळे गुण तेलाचा, चोळण्याचा की अपेक्षेचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. आराम हवा असेल तर हे काढायची गरजही नाही. गोळी बंद करायची असेल तर मात्र आहे.

एक टक्का म्हणजे किती? इसेन्शियल ऑइलचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. म्हणजे ३० मिलिलिटर बेस तेलात (तीळ, बदाम, जोजोबा) ६ थेंब म्हणजे १ टक्का, १२ थेंब म्हणजे २ टक्के. एका वेळेपुरतं १० मिलिलिटर करायचं तर २ आणि ४ थेंब. वयस्कर माणसं आणि नाजूक त्वचा यांना १ टक्का पुरे, निरोगी मोठ्या माणसाला अंगाच्या मालिशीला २ टक्के. थेंबांचा हिशोब मात्र ढोबळ आहे. बाटलीच्या तोंडातलं भोक आणि तेलाचा दाटपणा यांवर एका मिलिलिटरला ४० थेंबही लागतात. नेमकेपणा हवा असेल तर १ मिलिलिटरच्या सिरिंजने मोजा. मिश्रण काचेच्या बाटलीत ठेवा, काही तेलं प्लास्टिक विरघळवतात. पहिल्यांदा वापरताना मिसळलेलंच तेल कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढं लावून ४८ तास थांबा. लाली, खाज आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही. आणि आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकायचा प्रकार सोडा. तेल पाण्यात मिसळत नाही, तवंग धरतं आणि जिथे अंगाला लागेल तिथे न मिसळलेलंच लागतं.

सासऱ्यांकडे येऊ. पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ हीच, आणि ती तुम्ही ‘बरं वाटतंय’ म्हणून ओझरती लिहिली आहे. विंटरग्रीन तेल, ज्याला गंधपुरा तेलही म्हणतात, जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं. अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं हे द्रव्य. पाच मिलिलिटर, म्हणजे एक चमचा तेल पोटात गेलं, तर ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतकं होतं. ते त्वचेतूनही रक्तात उतरतं, आणि वॉरफरिन घेणाऱ्याने रोज चोळलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वर चढून रक्तस्राव झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. वर गरम पिशवीचा शेक घेतला की शोषण आणखी वाढतं, शिवाय कातडी भाजू शकते. तेव्हा तेल बंद, वॉरफरिन मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही. या एक-दोन दिवसांत आयएनआर तपासून घ्या आणि डॉक्टरांना तेलाचं नाव सांगा. अंगावर न लागता निळे डाग, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लालसर लघवी यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. महिनाभर तेल लावत होते म्हणजे शरीर आणि वॉरफरिनचा डोस त्यासकट जुळलेला असू शकतो. तेल थांबल्यावर आयएनआर खालीही येऊ शकतो, म्हणून आठवडाभराने पुन्हा एकदा तपासणी विचारून ठेवा.

दुखऱ्या जागी चोळायच्या पुष्कळ मलमांत आणि स्प्रेंतही हेच द्रव्य असतं. वेष्टनावर ‘मिथाइल सॅलिसिलेट’ शोधायचं. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तेलापेक्षा त्यांचा गुण जास्त टिकतो. साध्या बेस तेलाने हलकी मालीश चालेल.

बाळाबद्दल सरळच सांगते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाका-तोंडाजवळ निलगिरी, कापूर, मेंथॉल, पेपरमिंट यांतलं काहीही नको. तान्ह्या मुलांत या तीव्र वासाने घसा आवळून श्वास अडकू शकतो. आणि कापूर किंवा निलगिरी पोटात गेली तर झटके येऊ शकतात, कापराचे तर काही मिनिटांतच. ‘पण वासाने नाक मोकळं होतं’ हेही तपासून पाहिलेलं आहे. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, त्यामुळे हवा जास्त जातेय असं वाटतं, प्रत्यक्षात नाकाचा मार्ग तेवढाच राहतो. मोठ्या माणसाला तेवढ्यानेही झोप लागते, बाळासाठी त्याची किंमत फार मोठी. त्याच्यासाठी सलाइनचे नाकातले थेंब, दूध-पाण्यापूर्वी नाक साफ करणं आणि भरपूर द्रव. वाफाऱ्याचं भांडं नको, त्यात मुलं भाजतात. शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा: एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त, किंवा छाती आत ओढली जाणं, दूध न घेणं, मलूल पडणं, यांतलं काही असेल तर लगेच दवाखाना.

घरात या बाटल्या आहेत, म्हणून हेही. मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका. तेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठायचं, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. बाटल्या कुलुपात ठेवा. डिफ्यूझर लावायचाच तर खिडकी किलकिली ठेवून अर्धा तास, बाळ आणि दमेकरी दुसऱ्या खोलीत. त्याने हवेतले विषाणू मरतात या भरवशावर राहू नका. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत असे दावे करणाऱ्या विक्रेत्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोटिसा काढल्या होत्या.

आता तुमचे यजमान. त्यांचा संशय योग्य दिशेला आहे, पण सुक्याबरोबर ओलंही जाळतायत. ताणाच्या डोकेदुखीवर १० टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळ आणि कानशिलांना लावून पाहिलं गेलं आहे. १९९६ च्या एका जर्मन चाचणीत त्याचा गुण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या बरोबरीने आला. पंधरा मिनिटांनी एकदा, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा असं लावायचं, डोळ्यांपासून लांब, आणि तयार औषधच घ्यायचं, घरी घोटाळा करायचा नाही. आतड्यांच्या संवेदनशीलतेमुळे (आयबीएस) येणाऱ्या पोटातल्या कळांवर पेपरमिंटच्या आवरणवाल्या कॅप्सूलही दिल्या जातात. आवरण एवढ्यासाठी की ती जठरात न फुटता आतड्यात फुटावी. अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर ती आधीच फुटते आणि छातीत जळजळतं. इथे मात्रा मोजलेली आहे, दुखणं ठरलेलं आहे. चमच्यात थेंब घेऊन पिण्याशी त्याचा काही संबंध नाही.

बाटली विकत घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठल्या भागातून काढलंय, बॅच नंबर आणि मुदत बघा. टी-ट्रीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४७३०. त्यात टर्पिनेन-४-ऑल हे या तेलातलं मुख्य द्रव्य किमान ३५ टक्के असावं लागतं. ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांमागे असं कुठलंही मानक नाही, ती जाहिरात आहे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, बूच घट्ट, उजेडापासून लांब.

मैत्रिणीशी वाद घालत बसू नका. तिची तळमळ खरी आहे. तिला इतकंच विचारा: पाठवलेल्यातला कुठला अभ्यास नागीण झालेल्या माणसांवर आहे? त्यांना गोळ्या देत होते की बंद केल्या होत्या? तीन महिन्यांनी दुखणं किती जणांना उरलं? याची उत्तरं तिच्याकडे असतील तर मलाही पाठवा, मी वाचेन. नसतील तर ती कदाचित स्वतःच थांबेल.

सासूबाईंच्या खपल्या पडून कातडी पूर्ण जुळली, साधारण दोन ते चार आठवड्यांत, आणि दुखणं उरलंच, तर त्यासाठी लिडोकेनचे पॅच आणि कॅप्सेसिनचं मलम आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. तेव्हा मेंथॉलची मलमं वापरायचा मोह होईल. आधी बोटभर जागेवर बघा, कारण नागिणीनंतर काहींना गारवासुद्धा चटका दिल्यासारखा लागतो. आणि त्या बऱ्या झाल्या की पुढच्या भेटीत नागिणीच्या लशीचं विचारा. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, आणि सासऱ्यांना अजून झालेलीच नाही.